कोंबड्या कोण नेतंय ते आधी ओळखा, मग जाळी बदला

प्रश्न थोडक्यात असा. परसात बारा कोंबड्या, लाकडी खुराडं, बाजूंना षटकोनी छिद्रांची नेहमीची कोंबडी-जाळी. पंधरा दिवसांत पाच गेल्या. एक सकाळी जाळीला चिकटून मेलेली सापडली, तिचा एक पाय मुळापासून तुटलेला. दोन संध्याकाळी मोजताना कमी भरल्या, मागे चार पिसांपलीकडे काही नाही. आणि परवा सकाळी आठला दार उघडलं तर दोन मानेवर चावे घेऊन तशाच टाकलेल्या, खाल्लेल्या नाहीत. आता दिवा लावायचा, कुत्रा पाळायचा की पिंजरा लावायचा?

तिन्हींची घाई नको. आज रात्रीपुरतं एकच करा: उरलेल्या सात कोंबड्या अंधार पडल्यावर उचलून घट्ट बंद होणाऱ्या खोलीत किंवा मजबूत क्रेटमध्ये ठेवा. वारा खेळेल एवढी जागा हवी, बाकी दोन-तीन रात्री त्या अडचणीत राहिल्या तरी बिघडत नाही. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे हलवताना आरडाओरडा होत नाही. ज्या शिकाऱ्याला एकदा सोपं भक्ष्य मिळालं तो त्याच वाटेने पुन्हा येतो, बहुधा लगेचच. तेवढ्या अवधीत खुराड्याची दुरुस्ती आटपायची.

आता खुणा वाचू. पाच कोंबड्या तीन वेगळ्या तऱ्हांनी गेल्यात, म्हणजे शिकारी एकच आहे असं धरून चालू नका.

जाळीलगत पाय किंवा मुंडी तुटलेली कोंबडी म्हणजे बाहेरच्या प्राण्याने जाळीतून पंजा घातला. मांजर, रानमांजर आणि जिथे रकून (हातासारखे पंजे वापरणारा अमेरिकेकडचा प्राणी) असतात तिथे रकून हे काम करतात. आत शिरायची त्यांना गरजच पडत नाही. कोंबडी दांडीवर जाळीला टेकून झोपलेली असते, आणि घाबरवलं की ती आणखी जाळीकडेच झेपावते.

दोन नुसत्या गायब झाल्या त्या दिवसाढवळ्या किंवा तिन्हीसांजेला गेल्या असणार. अख्खी कोंबडी उचलून नेणारे म्हणजे कोल्हा, खोकड, रानमांजर, क्वचित मोठा शिकारी पक्षी. कोल्हा-खोकड पिलं वाढवत असले तर रोज एक न्यायलाही कमी करत नाहीत. भटकी कुत्री नेतात कमी आणि मारतात जास्त: पाच-सहा कोंबड्या चिरडलेल्या, अंगणभर फेकलेल्या, जाळी फाडलेली किंवा दार ढकललेलं, मांस मात्र फारसं खाल्लेलं नाही, असं दिसलं तर कुत्रीच.

मानेवरचे चावे पाहिले की लोक लगेच मुंगसाच्या नावाने बोटं मोडतात. मुंगूस दिवसाचा शिकारी आहे. मध्यरात्री बंद खुराड्यात झालेली हत्या त्याच्या माथी मारू नका. ते काम उदमांजर, रानमांजर किंवा वीझलच्या (मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी) जातीचा लांबुळका प्राणी करतो. पण तुम्ही दार आठला उघडता. उजाडल्यापासून आठपर्यंत मुंगसाला मोकळं रान आहे, त्यामुळे इथे त्याच्यावर संशय राहतोच. एका वेळी दोन-चार मारून न खाता टाकणं हा काही माज नव्हे. उघड्यावर एक पकडली की बाकीच्या पळून जातात आणि शिकार तिथेच थांबते. बंद जागेत फडफड चालूच राहते, आणि ती थांबेपर्यंत प्राणी चावत राहतो.

काही खुणा तुमच्याकडे नाहीत, पण माहीत असाव्यात. एका जागी वर्तुळात उपटलेली पिसं आणि छातीचं मांस खाल्लेलं असेल तर ससाणा-शिक्रा वर्गातला पक्षी. रात्री उघड्यावर बसलेल्या कोंबडीची फक्त मुंडी गेलेली असेल तर घुबडाची शक्यता मोठी. अंडी मागमूस न ठेवता नाहीशी होत असतील तर साप. कवचाचे तुकडे पडले असतील तर उंदीर, घूस, मुंगूस किंवा कावळा. मेलेल्या पिल्लाचं डोकं आणि मान चिकट-ओली, पिसं एका दिशेला चापून बसलेली असतील तर सापाने गिळायचा प्रयत्न करून सोडून दिलंय. झोपेत पायाची बोटं कुरतडली गेली तर उंदीर-घूस. आणि गुदद्वाराशी जखम, आतडी ओढलेली असं दिसलं तर बाहेरचा शिकारी शोधण्याआधी कळपाकडे बघा. अंडं घालताना अंग बाहेर आलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचून मारतात, आणि ते दृश्य हुबेहूब शिकारीसारखं दिसतं.

खाल्लेल्या मढ्यावरून निष्कर्ष काढताना जपून. मारणारा एक आणि नंतर येऊन खाणारा दुसराच, असं नेहमी घडतं. त्यापेक्षा माग पक्का: खुराड्याभोवती दोन फुटांचा पट्टा झाडून त्यावर चाळलेली राख किंवा बारीक माती पसरा. मांजराचा ठसा गोल, चार बोटांचा, नखं न उमटलेला. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात नखं उमटतात, आणि कोल्ह्याचा ठसा कुत्र्यापेक्षा अरुंद, लांबट. मुंगसाच्या ठशात पाच बोटं आणि त्यांच्यापुढे नखांचे लांब टोचे, मात्र अंगठा फार हलका टेकतो, म्हणून कधी चारच दिसतात. सोबत एका वहीत प्रत्येक घटनेची वेळ लिहा, पण ‘कधी मेली’ अशी नाही: शेवटची जिवंत कधी पाहिली आणि मेलेली कधी सापडली, या दोन वेळा. शिकारी कोण ते बरेचदा या दोन आकड्यांतूनच कळतं.

आता खुराडं. कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवायला बनवलेली आहे, कुणाला बाहेर ठेवायला नाही. तिची तार साधारण २० ते २२ गेजची, म्हणजे एक मिलिमीटरहूनही बारीक, आणि नुसती पिळलेली. कुत्रा दातांनी ती फाडतो, एक पीळ सुटला की शेजारची छिद्रंही उसवत जातात, आणि दोन वर्षांच्या पावसात ती गंजून बोटाने तुटते. तिच्या जागी वेल्डमेश, म्हणजे प्रत्येक सांध्याला वेल्डिंग केलेली चौकोनी छिद्रांची तारेची जाळी घ्या: अर्धा इंच बाय अर्धा इंच छिद्र, गॅल्वनाइज्ड, तार किमान १९ गेज म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. कुत्री किंवा कोल्हे असतील तर १६ गेज, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. खरेदीत इथेच गफलत होते. एक इंचाच्या छिद्रातून उंदीर आणि छोटा वीझल दोघेही सहज जातात. मुंगसाला दीड-दोन इंचांची फट पुरते, कारण डोकं शिरलं की बाकीचं अंग मागोमाग येतं.

जाळी मात्र सहसा मध्ये फाटत नाही, ती कडेने सुटते. नुसत्या यू-खिळ्यांनी ठोकलेली जाळी कुत्र्याने पंजे लावून चार वेळा ओढली की खिळे लाकडातून सरळ बाहेर येतात, आणि पावसाळ्यात फुगून नंतर आक्रसलेल्या लाकडातून तर आणखी लवकर. जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने लावा, म्हणजे बाहेरून ढकललेला जोर चौकटीवर येतो. कडेवर एक इंच रुंदीची लाकडी पट्टी ठेवा आणि पट्टी, जाळी, चौकट तिन्हींतून स्क्रू पार करा, दर चार ते सहा इंचांवर एक. पट्टी नसेल तर प्रत्येक स्क्रूखाली रुंद वॉशर हवाच. दोन तुकडे जोडावे लागले तर किमान दोन इंच एकमेकांवर चढवून तारेने शिवा, आणि शक्यतो तो जोड लाकडावरच येईल असं बघा.

मग दांडीचा प्रश्न. पाय तुटलेली ती कोंबडी दांडीच्या जागेमुळे गेली. कुठलीही दांडी जाळीपासून किमान एक फूट आत हवी. जागा नसेल तर दांडीच्या उंचीला जाळीवर फळी किंवा पत्रा मारा, दांडीच्या खाली सहा इंच आणि वर दीड फूट. हवा बंद होईल ही भीती बरोबर आहे, म्हणून हवेची जागा त्याहून वर, छपराखाली ठेवा; तीही वेल्डमेशने झाकलेली. झरोके वर असले की कोंबड्यांच्या अंगावर वारा येत नाही, विष्ठेचा अमोनिया बाहेर जातो आणि कुणाचा पंजा पोचत नाही. दर कोंबडीमागे आठ ते दहा इंच दांडी धरा. दांडी कमी पडली की कडेच्या कोंबड्या पुन्हा जाळीला टेकतात.

खालून येणाऱ्यांचा बंदोबस्त दोन प्रकारे होतो. खुराड्याची जमीन दोन-तीन इंच काँक्रीटची असेल तर काम कायमचं मिटलं. कच्ची जमीन असेल तर जाळी खोल गाडण्यापेक्षा आडवा पदर बरा: वेल्डमेशची दीड ते दोन फूट रुंद पट्टी भिंतीच्या पायाला घट्ट बांधायची आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरून खुंट्यांनी ठोकायची, वर दोन इंच माती किंवा दगड. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो, नखं जाळीला लागतात. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा हे बहुतेकांना सुचत नाही. उभी गाडायचीच तर दीड फूट खोल जायला हवं, ती मेहनत भरपूर आणि मातीत जाळी गंजते ती वेगळीच. पदर आणि भिंत यांच्या सांध्यात फट राहिली तर सगळं फुकट, कारण नेमकी तीच जागा नखांखाली येते. खुराडं जमिनीपासून उचलायचं असेल तर दीड फूट उचला. चार-सहा इंचच उचललं तर खाली उंदीर-घुशींना सावलीचं आयतं घर मिळतं.

दारांकडे फार कमी लोक बारकाईने बघतात. साधी आकडा-कडी कुत्र्याने दार हादरवल्यावर उसळून निघते. माकड किंवा रकून असेल तर नुसता अडसरही तो सरकवतो. अडसर आणि त्यात अडकवलेला स्प्रिंगचा हूक, अशा दोन वेगळ्या हालचालींनी उघडणारी सोय करा. दाराच्या वर आणि खाली असे दोन अडसर हवेत, कारण एकच मध्ये असला तर खालचा कोपरा ओढून वाकवता येतो आणि तेवढ्यातून मुंगूस जातं. अंड्यांच्या पेटीचं झाकण हेही दारच. त्याला कडी नसलेली खुराडी पुष्कळ दिसतात.

काम झालं की भर दुपारी खुराड्यात स्वतः शिरा, बाहेरून दार लावायला सांगा आणि पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. जिथे जिथे उजेडाची रेघ किंवा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. मग अर्ध्या इंच जाडीची काठी घेऊन प्रत्येक खुणेत घालून बघा. गेली तर ती फट बुजवायची. सर्वांत जास्त खुणा छपराच्या पन्हळी पत्र्याखाली निघतात, प्रत्येक पन्हळीला एक भोक. तिथे वेल्डमेशची चार इंचांची पट्टी वाकवून बसवा. फोम कोंबू नका, उंदीर तो एका रात्रीत काढतो. ही तपासणी पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा करायची, कारण लाकूड तोवर वाकडं झालेलं असतं.

एवढं सगळं करूनही दार लावायला विसरलात तर खुराडं आणि मोकळं मैदान सारखंच. कोंबड्या अंधारायला लागलं की आपण होऊन आत जातात. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत मोजून दार बंद करा. ‘बहुतेक सगळ्या आल्यात’ हे मोजणं नव्हे. उजेडावर चालणारं आपोआप दार चांगलंच, पण त्याच्या तीन खोड्या लक्षात ठेवा: खाचेत तूस किंवा विष्ठा अडकली की ते दोन बोटं उघडं राहतं, बॅटरी उतरली की जिथे असेल तिथे थांबतं, आणि उशीर करणारी एक कोंबडी रात्रभर बाहेर ठेवून बंद होतं. झाडावर बसायची सवय लागलेल्या कोंबड्यांना आठवडाभर खुराड्यातच कोंडून ठेवा, नंतर संध्याकाळचं खाद्य फक्त आतच द्या. अंडी लपवून बाहेर खुडूक बसलेली कोंबडी तर पहिली बळी. रात्री हलक्या हाताने अंड्यांसकट आत आणा.

उंदीर आणि साप हा एकच विषय आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांवर साप. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भांडी रात्री उचललेली, अंडी दिवसातून दोनदा गोळा केलेली, एवढ्याने दोघांची वर्दळ बरीच घटते. अर्ध्या इंचाच्या जाळीतून अंडं किंवा पिल्लू गिळण्याएवढा साप जात नाही. बारीक साप आणि उंदराची पिल्लं अडवायची असतील तर खालच्या दोन फुटांना पाव इंचाची जाळी. जमिनीलगत नायलॉनची मऊ जाळी मात्र लावू नका, साप तिच्यात गुंतून जखमी होतो आणि तुमचा हात तिथे जातो. डांबराच्या गोळ्यांनी साप थांबत नाहीत, कोंबड्यांना मात्र विषबाधा होऊ शकते. आत साप दिसलाच तर त्याला मारायला किंवा धरायला जाऊ नका. कोंबड्या बाहेर काढा, दार लावा आणि जाणकार साप पकडणाऱ्याला बोलवा.

दिवसाच्या शिकारीचं गणित वेगळं. इथे शंभर टक्के बंदोबस्त फक्त वरून झाकलेल्या जाळीच्या अंगणातच होतो. दर कोंबडीला आठ-दहा चौरस फूट धरा. वर दोन इंच छिद्रांची मजबूत पक्षी-जाळी ताणून लावली की घार आणि ससाणा थांबतात. ती सैल लोंबकळली तर पालापाचोळा साठून खाली येते. मोकळंच सोडायचं असेल तर कोंबड्यांना धावत गाठता येईल असा आडोसा हवा: दाट झुडपं, चार विटांवर ठेवलेली फळी, जुनं टेबल, दर पंधरा-वीस फुटांवर काहीतरी. कळपात कोंबडा असेल तर त्याच्या आवाजाकडे कान द्या. वरून शिकारी दिसला की तो लांब, बारीक किंकाळी काढतो आणि कोंबड्या गप्प होऊन आडोशाला दबतात. जमिनीवरचा शिकारी असेल तर तुटक कॉक-कॉक चालू होतं आणि माना ताठ होतात. पहिला आवाज ऐकून बाहेर पळालात तर वर बघा, दुसरा ऐकलात तर कुंपणाकडे.

सहा ते आठ आठवड्यांपर्यंतची पिल्लं मोकळी सोडू नका. नुसत्या डाल्याखाली झाकलेली पिल्लं कावळ्यापासून वाचतात, पण घूस डाल्याखालून उकरून आत येते आणि मांजर ते उलथवतं. डालं दिवसा, नजरेसमोर आणि वर दगड ठेवूनच वापरा.

कोल्हे आणि कुत्री हटत नसतील तर विजेचं कुंपण. खुराड्याच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर तारा, जमिनीपासून सुमारे ६, १२ आणि २० इंचांवर. कुंपणासाठीच बनवलेला एनर्जायझर वापरायचा. तो सेकंदाला सुमारे एक क्षणिक ठोका देतो आणि त्याचा प्रवाह मर्यादित असतो. घरातली वीज थेट तारेत सोडणं म्हणजे माणूस मारण्याची तयारी, ते कधीही करू नका. तारेवर किमान ३,००० ते ४,००० व्होल्ट टिकतात का हे विजेच्या कुंपणासाठीच्या टेस्टरने दर आठवड्याला बघा. गवत टेकलं की दाब उतरतो, आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगच लागत नाही. अर्थिंगचा रॉड किमान तीन फूट खोल आणि ओल राहील अशा जागी.

आता तुमच्या मूळ तीन उपायांकडे. दिवा आणि प्राण्याच्या डोळ्यांसारखे लुकलुकणारे छोटे दिवे दोन-चार दिवस चालतात. शिकारी घाबरतो तो नवेपणाला, उजेडाला नाही. टांगलेल्या चकचकीत सीडी आणि बुजगावण्यांचंही तेच. कुत्रा उत्तम राखण करतो, पण त्याला पिल्लू असल्यापासून कोंबड्यांसोबत वाढवावं लागतं. मोठा कुत्रा आणून लगेच सोडलात तर पहिली शिकार तोच करील. पिंजरा लावून एक प्राणी उचलला तरी खुराड्याची फट तशीच असते, आणि मोकळ्या जागेत दुसरा येतो. शिवाय यातले बरेच वन्य प्राणी आणि शिकारी पक्षी अनेक देशांत कायद्याने संरक्षित आहेत. विष तर अजिबात नको: विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, आणि कोंबडीही उंदीर खाते.

झटापटीतून वाचलेली कोंबडी वरवर ठीक दिसली तरी पिसं बाजूला करून सगळं अंग तपासा, विशेषतः पाठ आणि पंखांखाली. दाताचं भोक बाहेर मुगाएवढं आणि आत बोटभर खोल असतं. कोमट मीठपाण्याने (लिटरला चहाचे दोन सपाट चमचे) भरपूर धुवा, मग पातळ चहाच्या रंगाएवढं विरळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. मांजराच्या चाव्यात पाश्च्युरेला जंतू असतात आणि एक-दोन दिवसांत कोंबडी दगावू शकते, तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवून अँटिबायोटिकचं विचारा. औषध दिलं तर त्या काळातली अंडी किती दिवस टाकायची हेही विचारून घ्या. तिला अंधाऱ्या, उबदार, शांत पेटीत ठेवा, पाणी जवळ. उघड्या जखमेवर माशा बसू देऊ नका, उष्ण हवेत एका दिवसात अळ्या पडतात. लाल जखम दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून खपली धरून पिसं येईपर्यंत वेगळी ठेवा. परत सोडताना आधी तीन-चार दिवस जाळीच्या आडून एकमेकींना दिसू द्या आणि मग रात्री दांडीवर नेऊन बसवा.